यंदाची वही

आमच्या मोठ्या काकांची एक वही आहे. दुकानदार उधारी लिहायला ठेवतात तशी लांबट, लाल कापडाच्या बांधणीची. काका डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झालं आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आधी त्यांनी ही वही सुरू केली. दर वर्षी शरदात, भात कापून घरात आलं की ते सगळ्या भावंडांच्या घरची वर्षभराची बातमी तिच्यात लिहायचे. दिवाळीच्या सकाळी पेडणे तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी सगळे जमलो, फोव खाऊन झाले, की वाचन व्हायचं. (फोव म्हणजे पोहे. दुधातले, गुळातले, ताकातले, नारळाच्या रसातले. गोव्यात दिवाळी पोह्यांची असते.) आमच्या घरात बोलणं कोकणी, पण वही मराठी. काका म्हणायचे, "बोलायला आईनं शिकवलं, लिहायला शाळेनं."

वहीच्या पहिल्या पानावर तीन नियम लिहिले आहेत. चांगली बातमी आधी. प्रत्येक घराला चार ओळी, कुणाला जास्त नाही. भाताचा हिशेब खरा लिहायचा.

यंदा वही मी लिहिली. काका १५ सप्टेंबरला कोविडने गेले. बाराव्याच्या दिवशी काकीने वही माझ्या हातात दिली. म्हणाली, "तू दिवसभर कॉम्प्युटरवर लिहीतच असतोस. हेही लिही." सॉफ्टवेअर लिहिणं आणि हे लिहिणं यात फरक आहे, हे तिला समजावण्याची ती वेळ नव्हती. मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिहून पाठव असा निरोप आला तेव्हा वाटलं, वहीतल्या चार चार ओळींत जे मावलं नाही ते इथे लिहावं. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी यंदा थोड्याफार फरकाने हेच झालं असेल.

चांगली बातमी आधी

३० ऑक्टोबरला, कोजागिरीच्या रात्री, बांद्याच्या आत्याला नात झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. कोजागिरी म्हणजे आमच्याकडे पेडण्याची पुनव. त्या दिवशी भगवतीच्या देवळाकडे तालुका लोटतो. भूतनाथाला स्वतःचं देऊळ नाही, म्हणून तो रुसून डोंगराकडे निघतो आणि लोक त्याला देऊळ बांधून द्यायचं कबूल करून परत आणतात, अशी ती गोष्ट. दर वर्षी देव रुसतो, दर वर्षी लोक कबूल करतात. यंदा आमच्या घरचं कुणी पुनवेला गेलं नाही. त्याऐवजी सगळे मोबाइलभोवती बसून बाळाचा फोटो बघत होते. आजीनं फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि म्हणाली, "नाक आमचं."

दुसरी चांगली बातमी धाकट्या काकांच्या नातीची. ती दहावीला आहे. जूनपासून तिची शाळा मोबाइलवर होती आणि आमच्या घरी मोबाइलला रेंज नाही. रेंज आहे ती घरामागच्या सड्यावर, एका काजूच्या झाडाखाली. पावसात छत्री, प्लास्टिकची खुर्ची आणि वह्या घेऊन ती रोज वर जायची, सोबतीला धाकटे काका. काका बाजूच्या दगडावर बसून गणिताचा तास ऐकायचे. ऑक्टोबरपर्यंत त्यांना वर्गसमीकरणं सोडवता यायला लागली, असं ती सांगते. आता २१ नोव्हेंबरपासून गोव्यात दहावी आणि बारावीचे वर्ग पुन्हा सुरू झाले. पहिल्या दिवशी ती शाळेला गेल्यावर धाकटे काका सवयीनं खुर्ची घेऊन सड्यावर चढायला निघाले होते.

पत्रादेवीच्या पलीकडे

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमचं गाव तेरेखोल नदीच्या काठी आहे. ही नदी सह्याद्रीतून उतरते, सिंधुदुर्गात बांद्यावरून येते आणि पुढे गोवा-महाराष्ट्राच्या हद्दीवरून समुद्राला मिळते. पेडणे आणि सावंतवाडी यांच्यात सोयरिकी किती आहेत याची मोजदाद नाही. हद्द कागदावर. लग्नं, देव, नाटकं, बाजार सगळं दोन्हीकडचं. आत्या लग्न होऊन बांद्याला गेली ती १९७८ साली, आणि आजवर कुणालाही ती दुसऱ्या राज्यात राहते असं वाटलं नव्हतं. पत्रादेवीच्या नाक्यावरून गेलं की तासाभराचाही रस्ता नाही.

मार्चच्या शेवटी तो नाका बंद झाला. गोव्यात यायचं तर तपासणीचं प्रमाणपत्र, नाहीतर इथे येऊन पैसे भरून चाचणी, नाहीतर चौदा दिवस घरात कोंडून राहायचं. तिकडे महाराष्ट्रात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास. आत्याचं वय अडुसष्ट, साखरेचा त्रास. ती फोनवर म्हणायची, "नदी येते तुमच्याकडे, तिला कोण पास विचारत नाही."

चवथीला आत्या आली नाही, असं वहीच्या तेहतीस वर्षांत पहिल्यांदा झालं. गोव्यानं १ सप्टेंबरपासून सीमा पूर्ण खुल्या केल्या. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रानंही जिल्ह्या-जिल्ह्यातला ई-पास काढून टाकला. आत्यानं लगेच ठरवलं, ६ तारखेच्या रविवारी डिचोलीला जाऊन भावाला भेटायचं. ५ तारखेला काकांना ताप आला आणि त्यांनीच फोन करून सांगितलं, "आता येऊ नकोस. बरा झालो की मीच येतो."

नाका बंद होता तेव्हा काका ठणठणीत होते. नाका उघडला आणि भेट राहिली ती राहिलीच. आत्या हे आजही एका दमात सांगू शकत नाही.

आठ आणि एक

चवथ २२ ऑगस्टला होती. आमचा गणपती दीड दिवसाचा, मूळ घरी. एरवी चाळीस-पंचेचाळीस माणसं जमतात. पणजीहून आम्ही, डिचोलीहून मोठ्या काकांचं घर, मोरजीची चुलत बहीण, बांद्याची आत्या, मुंबईचे दोघे चुलत भाऊ. झोपायला चटया पुरत नाहीत, तरी कुणी परत जात नाही.

यंदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे व्हिडिओ कॉलवर बसलो. बैठक बोलावली मी. घरात आजी शहाऐंशी वर्षांची आहे, म्हणून बाहेरच्या कुणीच जाऊ नये, असं माझं म्हणणं होतं. मी आकडे सांगितले, धोका समजावला. मुंबईच्या भावांचा प्रश्न आपोआपच सुटला. ६ ऑगस्टला कोकण रेल्वेच्या पेडण्याच्या बोगद्यात भिंत कोसळली आणि गाड्या मिरज-लोंढ्यावरून वळवल्या गेल्या. बाकीच्यांनीही नाराजीनं का होईना, ऐकलं. काकू-वहिन्या गप्प राहिल्या. ते गप्प राहणं मला अजून ऐकू येतं. आजीला सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "देव खंय पळून वचना." देव काही पळून जात नाही.

अडले ते मोठे काका. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा घरातल्या मोठ्यानं करायची ही रीत. ते म्हणाले, "मी पडवीत झोपेन, आईच्या जवळ जाणार नाही, जेवणाचं केळीचं पान वेगळं. पण पूजा मी करणार." सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "एक माणूस चालेल."

घरची आठ आणि काका एक, अशी चवथ झाली. माटोळीचं सामान दर वर्षी म्हापशाच्या बाजारातून येतं. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट. तिला त्या ऋतूत रानात आणि बागेत जे पिकतं ते बांधायचं. काकांनी येताना म्हापशाहून थोडं आणलं. बाकीचं धाकटे काका आणि पुतणीनं डोंगरावरून शोधून आणलं. सुपारीचे घड, नारळाची पेण, आंबाडे, तोरिंग, निरफणस, चिबूड, कवंडळं, कांगलां, वाजणाऱ्या घागऱ्या. पुतणीनं प्रत्येकाचं नाव आजीला विचारून कागदावर लिहिलं. एकंदर एकतीस जिनसा झाल्या. बाबा म्हणतात, एवढी भरलेली माटोळी गेल्या वीस वर्षांत झाली नव्हती. विकत घ्यायला गेलं की हाताला लागेल तेवढंच घेतो. शोधायला गेलं की रान बरंच देतं.

आम्ही पणजीहून आरती मोबाइलवर पाहिली. घरात रेंज नाही, म्हणून पुतणीनं आरतीचं चित्रीकरण केलं आणि सड्यावर जाऊन पाठवलं. अर्ध्या तासानं मिळालेल्या त्या आरतीला माझा सहा वर्षांचा मुलगा टाळ्या वाजवत उभा राहिला. त्यात काका मास्क लावून, घरातल्यांपासून लांब, चौकाच्या दारात उभे आहेत. तेच त्यांचं आमच्याकडचं शेवटचं चित्र.

सातचा फोन

डिचोलीहून मूळ घरी रोज संध्याकाळी दिवाबत्तीनंतर सात वाजता काकांचा फोन यायचा. घरच्या जुन्या लँडलाइनवर, त्यामुळे रेंजची भानगड नव्हती. आजीला ऐकू कमी येतं, म्हणून ते काय बोलायचे ते अख्ख्या घराला कळायचं. जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाऊस किती. एवढंच.

५ सप्टेंबरला ताप, ७ तारखेला चाचणी. काका, काकी आणि दादा (काकांचा मुलगा) तिघेही पॉझिटिव्ह. काकीला दोन दिवस अंगदुखी, दादाला काहीच नाही. ९ तारखेला काकांच्या बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर नव्वदच्या खाली गेलं आणि त्यांना इस्पितळात हलवलं. गोव्यात कोविडचा पहिला मृत्यू २२ जूनला झाला होता. सप्टेंबरात आमच्या ओळखीतली नावं रोज कानावर यायला लागली होती. इस्पितळातूनही काका १२ तारखेपर्यंत सात वाजता आजीला फोन करत होते. १३ आणि १४ तारखेला आला नाही. बाबांनी सांगितलं, चार्जर बिघडलाय.

१५ तारखेला दुपारी काका गेले. पितृपक्ष संपायला दोन दिवस होते. स्मशानात जाऊ दिलं ते दादाला आणि बाबांना, अंगभर संरक्षक कपडे घालून. मी फाटकाबाहेर मोबाइल धरून उभा होतो. काकी घरात विलगीकरणात होती. तिनं सगळं त्या मोबाइलवर पाहिलं. माझा हात हलत होता म्हणून चित्र हलत होतं, तर ती पलीकडून म्हणाली, "जरा स्थिर धर रे."

बाबा रात्री उशिरा गावी परतले. अंगणातल्या विहिरीवर आंघोळ केली आणि पडवीतच थांबले. आजीला काय सांगायचं, कसं सांगायचं हे आम्ही तोपर्यंत ठरवलं नव्हतं. ती सातला फोनपाशी येऊन बसली होती, आठनंतर उठून माजघरात गेली होती आणि जेवायला नको म्हणाली होती. बाबांच्या पावलांचा आवाज ऐकून ती बाहेर आली आणि विचारलं, "किती वाजता?"

अस्थी तेरेखोलमध्ये सोडल्या. त्याच वेळी बांद्याला आत्या नदीवर गेली, पाण्यात उभी राहिली आणि ओंजळीनं पाणी दिलं. ते पाणी वाहत खाली आमच्याकडेच येतं.

माझं शीट

आता जे लिहितो ते वहीत नाही.

माझ्या कामात एखादी सिस्टीम बंद पडली की ती का पडली याचा अहवाल लिहावा लागतो. कुठल्या मिनिटाला काय झालं, त्याआधी काय झालं, असं मागे मागे जात मूळ कारणापर्यंत पोहोचायचं. काका गेल्यावर आठ दिवसांनी मी रात्री बसून तसंच एक शीट तयार केलं. तारीख, माणूस, ठिकाण, किती वेळ, मास्क होता की नव्हता. काकीला, दादाला, बाबांना सहज विचारल्यासारखं विचारून माहिती भरली. सदतीस ओळी झाल्या.

त्यातून तीन वाटा निघाल्या. २० ऑगस्टला काका माटोळीचं सामान घ्यायला म्हापशाच्या गर्दीत गेले होते. १ सप्टेंबरला ते पेन्शनसाठी बँकेत रांगेत उभे होते. आणि दादा ज्या औषधांच्या कारखान्यात काम करतो, तिथे त्याच्या विभागात २ सप्टेंबरला एक जण पॉझिटिव्ह निघाला होता. औषधांचे कारखाने टाळेबंदीतही बंद नव्हते. दादा मार्चपासून रोज कामावर जात होता, कारण ती औषधं कुणाला तरी लागत होती.

तीनपैकी कुठली वाट खरी, हे सदतीस ओळींतून ठरत नव्हतं. ठरणारही नव्हतं. पण पहिल्या वाटेपाशी मीच उभा होतो. काका म्हापशाला गेले ते चवथीला यायचं म्हणून, आणि चवथीला यायला "एक माणूस चालेल" हे मी म्हणालो होतो. शीट कुणाला दाखवलं नाही. फक्त बायकोला माहीत होतं. ती म्हणाली, "कशासाठी करतोस हे?" मला उत्तर देता आलं नाही.

भात

गोव्यात पावसाळी भाताला सरद म्हणतात आणि हिवाळ्यातल्याला वायंगण. सरद म्हणजे शरदात कापायचं पीक. आमची शेती दोन ठिकाणी आहे. वरची नेहमीची आणि नदीकाठची खाजन. खाजन म्हणजे भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली जमीन. बांधाला मानस असते, म्हणजे पाण्याचं दार. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला दार मिटतं. अशा जमिनीत कोरगूट नावाचं उंच वाढणारं, खारेपणा सोसणारं भात लावतात.

यंदा आश्विन अधिक होता, म्हणून नवरात्र १७ ऑक्टोबरला बसलं. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा आंध्र ओलांडून महाराष्ट्रापर्यंत आला. हैदराबादेत पूर आला तोच पाऊस. आमच्याकडे तयार झालेलं भात तीन दिवसांत आडवं झालं. एरवी कापणीला येणारी घाटावरची माणसं एप्रिल-मेमध्ये गावी गेली होती, त्यातली थोडीच परतली. वरच्या शेतात कापणीचं यंत्र भाड्यानं आणलं, पण खाजनातल्या चिखलात यंत्र उतरत नाही. धाकट्या काकांनी ग्रुपवर लिहिलं, "ज्याला येता येईल त्यानं यावं. विळे आहेत."

१८ तारखेच्या रविवारी आम्ही सात जण उतरलो. मी शेवटचा विळा धरला होता तो कॉलेजात असताना. अकरा वाजेपर्यंत माझी कंबर गेली. पाण्यात पडलेल्या लोंब्यांना कोंब फुटले होते. दादाही आला होता. काका गेल्यानंतर तो पहिल्यांदाच आमच्यात आला. दिवसभर कुणाशी बोलला नाही. खाली वाकून कापत राहिला, जेवायलाही सगळ्यांत शेवटी आला.

दुपारी बांधावर पेज पिताना तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "तू शीट केलंयस ना? आईला तू काय काय विचारलंस त्यावरून मला कळलं. काय आलं त्यात?"

मी म्हणालो, "काही येत नाही. तीन शक्यता आहेत. एक तू, एक बँक, एक मी."

"तू कसा?"

मी सांगितलं. तो बराच वेळ नदीकडे बघत होता. मग म्हणाला, "वहीत लिही. माझ्यामुळे झालं असं लिही. बाबांची वही आहे, खोटं नको."

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. आम्ही उठून पुन्हा कापायला लागलो.

बाकीच्या घरांची खबर

मोरजीच्या चुलत बहिणीच्या चार खोल्या आहेत, पर्यटकांना भाड्यानं देते. एरवी ऑक्टोबरात दाबोळीला चार्टर विमानं उतरायला लागतात आणि मोरजी, हरमल, मांद्रे हा सगळा किनारा रशियन भाषेतल्या पाट्यांनी भरून जातो. यंदा विमानं नाहीत. तिच्या नवऱ्यानं दोन खोल्यांत अळंबीची लागवड करून पाहिली. पहिली खेप फुकट गेली, दुसरी म्हापशाला विकली. दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-पुण्याचे पर्यटक आले, तेव्हा एक खोली लागली.

डिचोलीच्या दुसऱ्या चुलत भावाचा खाणीवर ट्रक होता. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं खाणी थांबल्या तेव्हापासून ट्रक दारात उभा होता, हप्ते चालू होते. सप्टेंबरात त्यानं तो विकला. आता मोटारसायकलवर भाजी आणि नारळ घेऊन वाड्यावाड्यांतून फिरतो. म्हणतो, "खाणी बंद झाल्या तेव्हा वाटलं होतं, याहून वाईट काही नाही. आता मी असं काही म्हणत नाही."

पणजीचं घर म्हणजे आमचं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात किराण्याची दुकानंही बंद होती, तेव्हा आम्ही तीन दिवस पेजेवर काढले. त्या मानानं शरद बरा. बायकोची शाळा आणि मुलाची शाळा एकाच टेबलाच्या दोन टोकांना चालते, मी स्वयंपाकघरात बसतो. एकदा माझ्या मीटिंगमध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि पुण्याच्या सहकाऱ्यानं "डाळ झाली का?" असं विचारलं. मांडवीतल्या कॅसिनोंचे दिवे मार्चपासून विझलेले होते, ते १ नोव्हेंबरला पुन्हा लागले. मुलगा अंधाऱ्या नदीला इतका सरावला होता की त्यानं विचारलं, "तिकडे आग लागली का?"

१९९१ चं पान

यंदा नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं, शनिवारी १४ नोव्हेंबरला. घरात दुःख, म्हणून सण नव्हता. आकाशकंदील नाही, नरकासुर बघायला कुणी बाहेर पडलं नाही. आजीनं फक्त एक प्रकारचे, ताकातले फोव करायला सांगितले. तेवढे पोटात गेले पाहिजेत म्हणाली. आम्ही अंगणात लांब लांब खुर्च्या टाकून बसलो. काकी आणि दादा डिचोलीहून आले. बांद्याची आत्या आठ महिन्यांनी माहेरच्या अंगणात आली, आजीच्या समोर पाच हातांवर बसली आणि दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

सगळं लिहून झालं होतं. डिचोलीच्या चार ओळी तेवढ्या कोऱ्या होत्या. मी तसं सांगितलं. दादानं सगळ्यांसमोर म्हटलं, "मी त्याला सांगितलंय काय लिहायचं ते. माझ्यामुळे घरात आलं." काकी ओरडली, "गप बस!" मीही माझं म्हापशाचं आणि "एक माणूस चालेल"चं सांगून टाकलं. मग कुणीच बोलेना.

बाबा उठले. माझ्याकडून वही घेतली, पानं उलटली आणि १९९१ चं पान काढून पुतणीला वाचायला दिलं. तिनं मोठ्यानं वाचलं. "मूळ घर. उधाणात खाजनाचा बांध फुटला. खारं पाणी शिरलं. भात नाही. माणसं सुखरूप."

बाबा म्हणाले, "त्या रात्री बांधावर राखणीची पाळी माझी होती. खेकड्यांनी भोकं पाडली होती, ती चिखलानं बुजवत बसायची होती. मी मित्रांबरोबर पेडण्याला नाटक बघायला गेलो. पहाटे आलो तेव्हा शेतात नदी होती. जमिनीतला खार जायला तीन पावसाळे लागले. तीन वर्षं या घरात तांदूळ विकत आला, तो भावाच्या पगारातून. मी त्याला म्हटलं, वहीत माझं नाव घाल. तर म्हणाला, पुढच्या वर्षीही सगळ्यांना एकत्र बसून ही वही ऐकायची आहे ना?"

आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. आजीला माहीत होतं. ती दादाला म्हणाली, "ये, हांगा बस." अंतर वगैरे सगळं विसरून तो तिच्या पायाशी जाऊन बसला. मास्क मात्र दोघांच्या तोंडावर होते.

माझ्या मोबाइलमध्ये ते शीट अजून होतं. मी ते पुसलं, असं लिहिलं तर छान वाटेल, पण पुसलेलं नाही. उघडतही नाही. दादा अजूनही रात्री झोपत नाही, असं काकी सांगते. रोज सात वाजता आता तो आजीला फोन करतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाऊस किती.

डिचोलीच्या चार ओळी मी तिथेच अंगणात बसून लिहिल्या. "डिचोली. १५ सप्टेंबर रोजी मोठे काका गेले. काकी व दादा आजारातून बरे. दादा कापणीला आला होता. सातचा फोन चालू आहे."

राहिला भाताचा हिशेब. ती ओळ दर वर्षी काका सगळ्यांत शेवटी लिहायचे. मी पेन दादाच्या हातात दिलं. त्यानं धाकट्या काकांना दोनदा विचारून खात्री केली आणि काकांसारख्याच उभ्या, शाळामास्तरी अक्षरात लिहिलं, "भात साडेपाच खंडी. गेल्या वर्षी नऊ."